तळं ओलांडायचं राहून गेलं

सांक्ट रोमान या तळ्याकाठच्या गावच्या नगरपालिकेतून निवृत्त होऊन गॉटफ्रीड लाडिनिगसाहेबांना अडीच महिने झाले होते, आणि एवढ्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे बुर्गीने, दोनदा डोकं गच्च बांधून झोपून घेतलं होतं. पहिल्यांदा, त्यांनी स्वयंपाकघरातल्या बाटल्या वर्णानुक्रमे लावल्या म्हणून. दुसऱ्यांदा, ती त्या पुन्हा आपल्या सवयीच्या जागी ठेवत असताना ते मागे उभे राहून हळूच म्हणाले होते, "जिरं आधी, मिरी नंतर."

"तू बाहेर जा," बुर्गी म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"ऑस्ट्रिया बराच मोठा देश आहे. कुठेही जा."

लाडिनिगसाहेब बाहेर गेले. बाहेर म्हणजे अंगणात. अंगणाच्या टोकाला मेंदीसारखं कापलेलं कुंपण होतं आणि त्या कुंपणापलीकडे, बारा महिने तेरा काळ, कॅप्टन पिर्कर असत. वालेंटिन पिर्कर यांनी तळ्यावरची पांढरी सहलबोट तेहतीस वर्षं चालवली होती. बोट नव्या कॅप्टनकडे गेली, टोपी मात्र त्यांच्याच डोक्यावर राहिली. टोमॅटोला पाणी घालतानाही ते ती काढत नसत. शिवाय गावच्या जलतरण मंडळाचे ते अध्यक्ष होते.

"बरा भेटलास," कुंपणावरून टोपी म्हणाली. "कार्यकारिणीने एकमताने ठरवलंय."

"कार्यकारिणीत कोण कोण होतं?"

"मी होतो. बाकीचे गवत कापायला गेले होते. तर ठरलं असं, की यंदा मानकऱ्याचा बिल्ला तुला. पंचवीस वेळा तळं पार केलेल्याला देतो तो. मी तुझ्या नावापुढे अठ्ठावीस लिहिलंय. कमी तर नाही ना झालं?"

लाडिनिगसाहेबांनी उगाच एक पान तोडलं आणि ते निरखून पाहू लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सांक्ट रोमानचे तीनेकशे लोक आपल्या काठावरून पाण्यात उतरतात आणि सतराशे मीटर पोहून पलीकडच्या काठाला लागतात. तिथे निळ्या छत्रीखाली टेबल असतं आणि टेबलामागे बसून, एकतीस वर्षं, लाडिनिगसाहेब प्रमाणपत्रांवर नावं लिहीत. काय अक्षर होतं! माणसं ते प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावत, लग्नाचा फोटो थोडा बाजूला सरकवून. टेबल, छत्री आणि शाईची दौत घेऊन लाडिनिगसाहेब पहाटेच गाडीने तळ्याला वळसा घालून पलीकडे जात. ऊन फार झालं की डोक्यावर पाणी मारून घेत. त्यामुळे धापा टाकत काठाला लागलेल्या प्रत्येक माणसाला, ओल्या केसांचे आणि अतिशय शांत असे लाडिनिगसाहेब आपल्याआधीच पोचलेले दिसत. ते पोहूनच आले असणार, असं लोकांनी आपसात ठरवून टाकलं. लाडिनिगसाहेबांनी ते कधी खोडून काढलं नाही, इतकंच.

"आकड्याचं काय एवढं," ते पानाकडे बघत म्हणाले.

"हेच," पिर्कर म्हणाले. "हाच तुझा मोठेपणा."

दुपारी लाडिनिगसाहेबांनी सूप थंड होऊ दिलं. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. ते खिडकीशी जाऊन तळ्याकडे बघत, मग दाराशी जाऊन तळ्याकडे बघत. तसं पोहता त्यांना उत्तम येत होतं. रोज संध्याकाळी काठाजवळच्या बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, आत ते चाळीस फेऱ्या मारत. बोयांच्या बाहेर मात्र त्यांचं कधी काम पडलं नव्हतं. शेवटी त्यांनी मनाशी हिशोब केला, की ऑगस्टच्या आत एकदा, फक्त एकदा, तळं पार करायचं. आकडा चुकीचा राहील, पण निदान 'पार केलं' हे क्रियापद तरी खरं होईल.

ऑगस्टच्या मेळाव्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिथे पहिल्यांदा उतरणाऱ्यांना पिवळी टोपी देतात आणि बाकीच्यांना लाल. तीनशे लोकांसमोर एकसष्टाव्या वर्षी पिवळी टोपी घालून उभं राहण्यापेक्षा त्यांनी तळंच पिऊन टाकलं असतं.

"सरावासाठी एकट्याने एकदा जाऊन येतो म्हणतो," त्यांनी पिर्करना सांगितलं. ही चूक झाली. पिर्करना सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. दोन दिवसांत सगळं गाव सल्ला घेऊन कुंपणाशी हजर.

औषधवाल्या बाईंचं म्हणणं पडलं, की जूनचं पाणी हाडं गोठवतं, तेव्हा अंगाला डोंगरी खारीच्या चरबीचं मलम लावल्याशिवाय उतरू नये. ही खार म्हणजे आपली झाडावरची नव्हे, वर कुरणात बिळं करून राहणारी, मांजराएवढी. तिचं मलम गुडघ्याला लावतात. बाईंनी मोठा डबा दिला आणि म्हणाल्या, "सगळ्या अंगाला लावायचं तर हा पुरणार नाही, पण सुरुवात होईल." टपाल वाटणाऱ्या बाईंनी सायकलवरूनच सांगितलं, की मलमबिलम जुनं झालं, हल्ली रबरी पोशाख घालतात, माझ्या भाच्याचा पडलाय, देते आणून. पाद्रीबुवा एवढंच म्हणाले, "सकाळी लवकर जा. दुपारी वारा सुटतो. आणि वाऱ्याच्या बाबतीत माझं वरती काही चालत नाही."

रबरी पोशाख आला. भाचा एकोणीस वर्षांचा आणि वेलीसारखा होता, हे पोशाखात शिरल्यावर कळलं. शिरायला पाऊण तास लागला. पाठीला असायला हवी ती चेन लाडिनिगसाहेबांच्या पोटावर आली, कारण पोशाख उलटा घातला गेला होता, आणि मानेची पट्टी गळ्याला अशी बसली, की त्यांचा आवाज शाळकरी मुलीसारखा येऊ लागला.

"बुर्गी," ते त्या आवाजात म्हणाले.

बुर्गी आली. तिने चेन ओढली. चेन बेंबीपर्यंत आली आणि तिथे तिने मुक्काम केला. वरची खोली ज्या पाहुण्यांना भाड्याने दिली होती, ते जर्मन जोडपं नेमकं तेव्हा खिडकीबाहेरच्या गच्चीवर कॉफी प्यायला आलं. लाडिनिगसाहेबांनी त्यांना हातभर अंतरावरून, जमेल तेवढ्या प्रतिष्ठेने, सुप्रभात म्हटलं. हात खाली येत नव्हते, त्यामुळे ते स्वागत जरा जास्तच उत्साही दिसलं. पाहुण्यांनीही दोन्ही हात वर केले. शेवटी बुर्गीने कोंबडी कापायची कात्री आणली.

"भाच्याला काय सांगायचं?" ते मोकळ्या गळ्याने म्हणाले.

"की त्याच्या पोशाखाला आता वारा लागतो. गॉटफ्रीड, तुला एवढी घाई कसली लागलीय?"

"घाई कुठे?"

"काल जेवताना तू चमच्याने पोहत होतास."

ते पोशाखाचे तुकडे गोळा करू लागले. उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मेळाव्याव्यतिरिक्त तळं पार करायचं, तर नगरपालिकेचा परवाना लागतो. लाडिनिगसाहेब आपल्याच जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीत आता मोरिच बाई बसत. मोरिच बाईंना काम त्यांनीच शिकवलं होतं, सतरा वर्षं, आणि ते त्यांनी किती चोख शिकवलं होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"रहिवासाचा दाखला जोडलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मोरिच, मी या गावात जन्मलो. तुमच्या लग्नात मी भाषण केलंय."

"मला माहीत आहे. अर्जाला माहीत नाही. हे वाक्य तुमचंच, साहेब."

वाक्य त्यांचंच होतं. दाखला घेऊन ते दुसऱ्या दिवशी आले, तर डॉक्टरांच्या पत्रावर शिक्का पुसट होता. तिसऱ्या दिवशी 'पार करण्याचा हेतू' हा रकाना अडला. तिथे खेळ, करमणूक, संशोधन असे तीन चौकोन होते. खेळासाठी मंडळाचं पत्र लागतं. करमणुकीसाठी परवाना जुलैनंतरच मिळतो. आणि संशोधन म्हटलं तर वरून माणूस येतो.

"यात माझा हेतू बसत नाही," लाडिनिगसाहेब म्हणाले.

"मग काय आहे तो?"

त्यांनी अर्ज उचलून घेतला. मग मंडळाचं, म्हणजे पिर्करचं, पत्र आणून त्यांनी खेळाच्या चौकोनात खूण केली. परवाना मिळाला. त्यावर अट होती, की सोबत एक वल्ह्याची होडी हवी. होडीत दोन प्रौढ हवेत, एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने पोहणाऱ्यावरची नजर हलवायची नाही.

"वल्हवायला मी," पिर्कर म्हणाले. "तेहतीस वर्षं या तळ्यावर काढलीत. अजून काय पाहिजे?"

नजर ठेवायला बुर्गी. ती म्हणाली, नजर तशीही अडतीस वर्षं ठेवतेच आहे.

शनिवारी सकाळी नऊला निघायचं ठरलं होतं. निघाले पावणेअकराला, कारण पिर्करना होडीवर लावायचं नारिंगी निशाण इस्त्री केल्याशिवाय लावायचं नव्हतं. तोवर लाडिनिगसाहेब काठावर मलम चोपडून येरझारा घालत होते. मलमाचा वास चांगला दूरवर जात असावा, कारण प्रवाशांच्या तंबूंच्या छावणीच्या बाजूने एक तपकिरी कुत्रा आला आणि त्यांच्या पोटऱ्या मनापासून चाटू लागला. त्याला हाकललं तर दुसरा आला. शेवटी कुत्र्यांपासून सुटका म्हणूनच लाडिनिगसाहेब पाण्यात उतरले.

पाणी गार होतं, पण पहिल्या शंभर मीटरनंतर अंग तापलं. बोया मागे पडल्या. खाली हिरवं, मग गर्द निळं आणि मग नुसतं काळं. आपल्याखाली आता अख्खं चर्च मावेल एवढं पाणी आहे, हे आठवल्यावर त्यांनी आठवायचं बंद केलं आणि हात मोजू लागले. गंमत म्हणजे अडीच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या मनाची तगमग थांबली होती. हात, हात, श्वास. हात, हात, श्वास.

"होडी कुठे आहे?" पाचशेव्या हाताला त्यांनी विचारलं.

होडी डावीकडे होती. मग उजवीकडे आली. मग काही वेळ मागे गेली. कॅप्टन पिर्करनी तेहतीस वर्षं बोट चालवली होती हे खरं, पण ती इंजिनाची. वल्हं या वस्तूशी त्यांचा संबंध लांबूनच होता. ते एका वल्ह्याने पाणी मागे लोटत आणि दुसऱ्याने पुढे. होडी आपल्याभोवती गिरक्या घेत, कशीबशी वाट काढत होती, आणि बुर्गी, नियमाप्रमाणे पोहणाऱ्यावरची नजर न हलवता, मान मोडेस्तोवर फिरत होती.

"वालेंटिन, मला दे ना वल्ही," ती म्हणाली.

"नियमात बसत नाही. तुझं काम बघायचं."

"मी तुझंच बघतेय मघापासून."

अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर लाडिनिगसाहेबांनी मान वर केली. पलीकडचा काठ आता स्पष्ट दिसत होता. तिथल्या चर्चच्या घड्याळातले काटे वाचता येत होते. साडेअकरा. फार तर सातशे मीटर. आणि तेव्हाच समोरून, पलीकडच्या डोंगरावरून, वारा उतरला. आधी तळ्यावर काटा आला, मग लाटा.

मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग बुर्गीचा, अगदी साधा, भाजी करपली म्हणून सांगावं तसा. "गॉटफ्रीड, आमचं एक वल्हं गेलं."

ते वळले. होडी आडवी झाली होती आणि वाऱ्याबरोबर मागे, सांक्ट रोमानकडे, चालली होती. एका वल्ह्याने पिर्कर पाणी मारत होते, त्याने होडी फक्त फिरत होती. प्रत्येक लाट होडीच्या कडेवरून आत येत होती. बुर्गीने तरंगायचं जाकीट घातलं होतं. पिर्करचं जाकीट त्यांच्या बैठकीखाली होतं, उशी म्हणून. त्यांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती, आणि टोपी गेलेली होती. टोपीशिवाय पिर्कर लाडिनिगसाहेबांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले. डोकं पार गुळगुळीत होतं, आणि त्याखालचा चेहरा पांढरा फटक.

"जाकीट घाल," लाडिनिगसाहेब जवळ येत ओरडले. "वालेंटिन, ऊठ आणि जाकीट घाल."

"उठता येत नाही," पिर्कर म्हणाले.

"का?"

पिर्करनी कड आणखी घट्ट धरली. मग हळू म्हणाले, "मला पोहता येत नाही."



"तू जलतरण मंडळाचा अध्यक्ष आहेस," लाडिनिगसाहेब म्हणाले.

"कुणी विचारलंच नाही कधी."

लाडिनिगसाहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं. पलीकडचा काठ तिथेच होता, सातशे मीटरवर. अंगात जोर होता. असा जोर आणि असा दिवस पुन्हा मिळेल की नाही, कुणास ठाऊक. मग त्यांनी होडीच्या नाकाला बांधलेली दोरी धरली, एक वळसा खांद्यावरून काखेत घेतला आणि सांक्ट रोमानकडे तोंड केलं.

"बुर्गी, त्याला खाली बसव आणि जाकीट घाल त्याला. वल्हं मागे सुकाणूसारखं धर. आडवी होऊ देऊ नकोस."

"हो," बुर्गी म्हणाली, आणि पिर्करना म्हणाली, "हात वर कर. दुसरा. आता घाबरायचं तर बसून घाबर."

त्यातलं निम्मं काम वाऱ्याने केलं, हे लाडिनिगसाहेब पुढे स्वतःच सांगत. पण नाक सरळ ठेवण्यासाठी जे ओढावं लागलं, ते त्यांनीच ओढलं. दोरी काखेत कापत होती. अधूनमधून लाट तोंडात जात होती. मध्ये कुठेतरी, दम खायला होडीच्या कडेला लटकले असताना, ते म्हणाले, "वालेंटिन, ते अठ्ठावीस खोड."

"किती लिहू?"

"काहीच नाही. मी कधीच तळं पार केलेलं नाही. मी गाडीने जायचो."

 बुर्गीने वल्हं सरळ केलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "एकतीस ऑगस्ट मी तुझे कपडे धुतलेत. एकदाही पोहण्याची चड्डी नव्हती त्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. ओढ आता, पाणी आत येतंय."

तासाभराने ते छावणीच्या काठाला लागले, गावापासून अर्धा मैल खाली. डच प्रवाशांनी त्यांना घोंगडी आणि कॉफी दिली. लाडिनिगसाहेबांच्या दोन्ही हातांना मिळून एक कप धरवत नव्हता. दोन्ही कुत्रे पुन्हा आले, आणि या वेळी त्यांना कुणी हाकललं नाही.

मग जलरक्षक पथकाची मोटारबोट आली. तिच्यावर कात्रिन नावाची पंचविशीतली, दणकट मुलगी होती. कुणीतरी दुर्बिणीतून पाहून फोन केला होता. सगळे धडधाकट आहेत हे बघून तिने फळी काढली, फळीवर छापील कागद. "घटनेचा अहवाल लिहायला लागतो. संकटात कोण होतं? मदत कुणी केली?" तिचे हातमोजे निथळत होते आणि पहिल्याच ओळीवर मोठा थेंब पडला.

"आण इकडे, मी लिहितो," लाडिनिगसाहेब म्हणाले. कागद ओला झालेला त्यांना बघवत नसे.

पेन बोटांत आल्यावर हात स्थिर झाला. तारीख. वेळ. वाऱ्याची दिशा. मग तो रकाना आला. हा अहवाल नगरपालिकेत जाणार. मोरिच बाई तो नोंदवहीत चढवणार आणि गावच्या मासिक पत्रकात छापणार. तिथे छापून येईल, की श्री. गॉटफ्रीड लाडिनिग यांनी तळ्याच्या मध्यावरून दोन माणसांना ओढून आणलं. बिल्ल्याचं आता काय घेऊन बसलात, दगडी पाटी लागेल. आणि त्याच वाक्यात हेही छापून येईल, की ज्यांना ओढून आणलं त्यांत जलतरण मंडळाचे अध्यक्ष होते.

पिर्कर घोंगडीत बसून वाळूकडे बघत होते. त्यांचा हात सारखा डोक्याकडे जात होता, टोपी सरळ करायला, आणि रिकामाच खाली येत होता.

एकतीस वर्षांच्या नोकरीत लाडिनिगसाहेबांनी सरकारी कागदावर एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. त्यांनी पेन एकदा वर उचललं. मग आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं: 'पोहणारा मध्यावर थकल्याने त्याने सोबतच्या होडीची दोरी धरली. होडीचालकाने वाऱ्याचा अंदाज घेऊन होडी सुखरूप काठाला आणली.'

बुर्गीने खांद्यावरून वाचलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग साक्षीदाराच्या जागी सही केली, आणि आपली घोंगडी काढून त्यांच्या पायांवर टाकली.

दुपारी तिघंही गावच्या खानावळीत बसली. मालकिणीने न विचारता चीज आणि पुदिना भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वर वितळलेलं लोणी, असं समोर आणून ठेवलं. लोक जमलेच. कात्रिनकडून अहवालातलं थोडंफार बाहेर आलं होतं.

"कॅप्टन, झालं तरी काय नेमकं?" मालकिणीने विचारलं.

पिर्करनी लाडिनिगसाहेबांकडे पाहिलं. ते करंजीकडे बघत होते. "काय व्हायचंय," पिर्कर जपून म्हणाले. "वारा आला. मी म्हटलं, धर दोरी." मग एक घोट. "अशा वेळी डोकं शांत लागतं." लोकांनी माना डोलावल्या. पिर्करचा आवाज हळूहळू बोटीवरच्या कर्ण्यासारखा होऊ लागला. "मी वाऱ्याकडे पाठ केली, वल्हं पाण्यात घातलं, आणि हा आपला मागे दोरीला, बटाट्याच्या पोत्यासारखा..."

बुर्गीने काटा खाली ठेवला. टेबलाखाली लाडिनिगसाहेबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मलमाचा हात होता, पण तिने तो राहू दिला.

"पोत्यासारखा..." पिर्कर पुन्हा म्हणाले, आणि थांबले. त्यांनी आपलं उघडं डोकं एकदा चोळलं. समोर बसलेल्या लाडिनिगसाहेबांचा सदरा खांद्यावर सरकला होता, आणि तिथून काखेपर्यंत दोरीचा लाल वळ गेलेला दिसत होता.

"तसं सांगायचं तर," ते म्हणाले, "वारा फार होता. अशा वाऱ्यात दोरी कोण ओढत होतं आणि कोण धरून होतं, ते नीट सांगता येत नाही."

मालकीण गोंधळली. "म्हणजे?" तिने लाडिनिगसाहेबांना विचारलं.

लाडिनिगसाहेबांनी सदरा वर ओढून घेतला.

"अहवालात लिहिलंय," ते म्हणाले, आणि करंजीला काटा लावला.